मोटारीची नाडी पडद्यावर

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे शिल्पनिदेशक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्या संयुक्त बैठकीत एका माहिती अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



मोटारदुरुस्तीच्या उपकरणावर बोलण्यासाठी कलाशाखेच्या पदवीधराला उभे करण्यात आले आहे, याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. मलाही वाटले होते. परंतु या विषयाकडे मी अभ्यासातून आलो नाही, एका बंद पडलेल्या रुग्णवाहिकेमुळे आलो. तेव्हा प्रथम तीच हकीकत सांगतो.

एका प्राथमिक आरोग्य केंद्राची ही डिझेल रुग्णवाहिका. सकाळी थंड असताना सेल्फ मारताच ती चालू होई. रुग्णाला घेऊन ग्रामीण रुग्णालयात पोहोचली, इंजिन बंद केले आणि पंधरा मिनिटांनी परत निघायचे म्हटले, की मात्र सेल्फ नुसता फिरत राही. कार्यशाळेत नेली, स्कॅनर लावला. स्कॅनरने कॅमशाफ्ट सेन्सरचा दोष दाखविला. सेन्सर बदलला. आठ दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा सेन्सर आणला. पुन्हा तेच. मग मिस्त्रींनी मीटरने तारा तपासल्या. सेन्सरचा कपलर काढून पाहिले तर पाच व्होल्ट बरोबर येत होते, अर्थही ठीक दिसत होता. अखेर गाडीचा संगणकच बिघडला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि त्याचे अंदाजपत्रक मंजुरीसाठी वर गेले. कागद फिरत राहिले. सात आठवडे ती गाडी शेडमध्ये उभी होती, आणि त्या काळात त्या गावांतील बाळंतिणींना मिळेल त्या खाजगी जीपने न्यावे लागत होते.

शेवटी शेजारच्या तालुक्यातील प्रशिक्षण संस्थेच्या एका शिल्पनिदेशकांना बोलावण्यात आले. त्यांच्यापाशी पाठ्यपुस्तकाएवढी एक पेटी आणि एक लॅपटॉप होता. त्यांनी कपलर काढला नाही. तो जोडलेला ठेवूनच त्याच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवली, इंजिन तापू दिले आणि सेल्फ मारावयास सांगितले. पडद्यावर किल्ल्याच्या तटाच्या कंगोऱ्यांसारखी चौकोनी रेषा उमटली. त्यांनी बोट ठेवून दाखविले: ही रेषा वर पाच व्होल्टपर्यंत जाते ते ठीक आहे, परंतु खाली येताना ती शून्याजवळ यावयास हवी, ती दोन व्होल्टवरच अडकते आहे. खालची पायरी अशी अधांतरी राहिल्यामुळे संगणकाला ती मोजताच येत नव्हती. सेन्सर निर्दोष होता, संगणकही निर्दोष होता. सेन्सरच्या अर्थच्या तारेची कपलरमधील पिन पाण्याने हिरवी पडली होती. वीतभर तार आणि एक नवी पिन, एवढ्यावर काम भागले.

मीटरला हा दोष का दिसला नाही, असे मी विचारले. त्यांनी दिलेले उत्तर मला फार आवडले. विहिरीचा दोर आतून कुजलेला असला, तरी नुसता लोंबत असताना तो धडधाकटच दिसतो. बादली लावली म्हणजे खरे कळते. कपलर काढला, म्हणजे तारेवरचा भार निघाला. शिवाय मीटर सरासरी दाखवितो. सेकंदात कित्येक वेळा वरखाली होणाऱ्या दाबाची सरासरी घेऊन काय कळणार?

स्कॅनर काय सांगतो, स्कोप काय दाखवितो

या पेटीला ऑसिलोस्कोप म्हणतात. कार्यशाळेत नुसते स्कोप म्हणतात. मराठीत त्यास दोलनदर्शक म्हणता येईल. विजेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलतो, त्याचा आलेख काढणारे हे यंत्र होय. आडवी रेषा काळाची, उभी रेषा दाबाची. डॉक्टर मनगट धरून नाडी पाहतात आणि छातीला तारा लावून हृदयाचा आलेखही काढतात. पहिले काम मीटरचे, दुसरे स्कोपचे.

यंत्र नवे नाही. १८९७ साली फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने विद्युत्किरणांची नळी तयार केली, तेव्हापासून वीज डोळ्यांना दिसू लागली. पुढे मोठ्या मोटार कार्यशाळांत चाकांवर ढकलावयाचे, कपाटाएवढे स्कोप आले. आता काचेची नळी गेली. आलेख काढण्याचे, साठविण्याचे आणि दाखविण्याचे काम संगणक करतो; पेटीत राहते ते फक्त विजेचे आकड्यांत रूपांतर करणारे मंडल. म्हणूनच ती इतकी लहान आणि तुलनेने स्वस्त झाली आहे.

स्कॅनर आणि स्कोप यांत पुष्कळ लोक गल्लत करतात. स्कॅनर गाडीच्या संगणकाशी बोलतो आणि संगणकाला जे वाटते ते आपणांस सांगतो. ते संगणकाचे मत असते. तारेवर प्रत्यक्ष काय चालले आहे, ते स्कोप दाखवितो. कॅमशाफ्ट सेन्सरचा दोष याचा अर्थ सेन्सर बिघडला असा नव्हे. त्या सेन्सरकडून येणारा निरोप नीट पोहोचत नाही, एवढाच. पत्र आले नाही म्हणून पाठविणाराच गेला असे आपण मानीत नाही. पोस्टातही चौकशी करतो. सुटे भाग बदलत जाण्यात आज जो पैसा जातो, त्याचे मूळ बहुधा या गल्लतीत आहे, असे माझे मत बनले आहे.

हा विषय पंचायतींपुढे मांडण्याचे कारणही सांगितले पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांना भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे मानक लागू झाले. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक दुचाकीतसुद्धा कार्ब्युरेटरच्या जागी इंधनाचे इंजेक्शन आले. आपल्या घंटागाड्या, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका, कार्यालयाच्या जीपा या सर्वांत आज सेन्सर आणि संगणक आहेत. गावच्या मिस्त्रीचे कान आणि हात अजूनही मोलाचेच आहेत. पण तारेतला दोष कानाला ऐकू येत नाही.

विनिर्देश लिहिताना

आता खरेदीविषयी. संस्थांसाठी ही उपकरणे घेण्याचे प्रस्ताव येतात, आणि त्यातील विनिर्देश पाहिले म्हणजे चिंता वाटते. कोणी तरी जुन्या इलेक्ट्रॉनिक प्रयोगशाळेच्या यादीतून ते उतरवून घेतलेले असतात. शंभर मेगाहर्ट्झ, दोन वाहिन्या, आणि पुढे सर्वांत कमी दराची निविदा. कागदोपत्री यंत्र उत्तम. गाडीला लावले की निरुपयोगी.

मी येथे कोणत्याही कंपनीचे नाव घेणार नाही; शासकीय सेवकाने ते घेऊही नये. बाजारात काही हजार रुपयांपासून काही लाखांपर्यंतचे संच आहेत. त्यांत निवड कशी करावी, याचा हिशेब मात्र आपण करू शकतो, आणि तो शाळेतल्या गणिताने होतो.

गाडीतील सर्वांत वेगवान संदेश, जे आपणांस नेहमी पाहावे लागतात, ते गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांच्या आपसांतील संभाषणाचे असतात. बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या पद्धतीने दोन पिळलेल्या तारांवरून हे बोलणे चालते. तिच्या नेहमीच्या वेगवान प्रकारात सेकंदाला पाच लाख बिट जातात. म्हणजे एका बिटाला २ मायक्रोसेकंद मिळतात. त्याचा आकार नीट दिसावयास एका बिटाचे दहा तरी नमुने घेतले पाहिजेत. म्हणजे सेकंदाला ५० लाख नमुने. त्यासाठी १० ते २० मेगाहर्ट्झची मर्यादा पुरते. शंभर मेगाहर्ट्झसाठी दिलेला जादा पैसा या कामी व्यर्थ आहे.

खरी मेख आहे ती स्मृतीत, म्हणजे एका वेळी किती नमुने साठतात त्यात. इंजिन मिनिटाला ७५० फेऱ्यांनी मंद चालले आहे असे समजा. एक फेरी ८० मिलिसेकंदांची, आणि चारही सिलिंडरांचे एक पूर्ण चक्र दोन फेऱ्यांचे, म्हणजे १६० मिलिसेकंदांचे. स्कोपची स्मृती १०,००० नमुन्यांचीच असेल, तर हे एक चक्र साठविताना दोन नमुन्यांत १६ मायक्रोसेकंदांचे अंतर पडेल. तेवढ्या फटीत कॅनचे आठ बिट निसटून जातात. क्षणभर तुटणारी तार तेवढ्यातच तुटते आणि जुळते. आलेखावर तिचा मागमूसही नाही. उलट सेकंदाला ५० लाख नमुन्यांनी दहा सेकंद नोंद करावयाची, तर एका वाहिनीला पाच कोटी नमुन्यांची स्मृती लागते, आणि पुष्कळ यंत्रांत ती स्मृती सर्व वाहिन्यांत वाटली जाते. गाडीतले दोष पाहुण्यासारखे केव्हा तरी येतात. ते येईपर्यंत दार उघडे ठेवून बसता आले पाहिजे. विनिर्देशात स्मृतीचा आकडा नसेल, तर तो प्रस्ताव परत पाठवावा, असे मी सुचवीन.

वाहिन्या चार असाव्यात. दोनवरही काम चालते, पण क्रँक, कॅम, इंजेक्टर आणि इंधनाचा दाब एकाच वेळी एकाखाली एक पाहता आले, की कोण आधी चुकले ते कळते. बिटांचाही विचार करावा. आठ बिटांचा स्कोप उभ्या मापाचे २५६ भाग करतो, बारा बिटांचा ४,०९६. उणे वीस ते अधिक वीस व्होल्टच्या मापावर पहिल्याची एक पायरी सुमारे ०.१६ व्होल्टची होते, दुसऱ्याची ०.०१ व्होल्टची. अर्थच्या तारेत दशांश व्होल्टची गळती शोधावयाची असेल, तर पहिला स्कोप तिथे अंधच म्हणावा लागेल.

यंत्रापेक्षाही अधिक महत्त्व मी त्याच्याबरोबरच्या साहित्याला देतो. सेल्फचा शेकडो अँपिअरचा प्रवाह तार न तोडता मोजणारा मोठा करंट क्लॅम्प, पंप व इंजेक्टरसाठी लहान क्लॅम्प, दाब दहापट व वीसपट कमी करून देणारे अॅटेन्युएटर, कपलरमध्ये मागून घालावयाच्या पिना, आणि बॉनेटपासून टेबलापर्यंत पोहोचतील अशा लांब तारा. हे साहित्य वगळून घेतलेली पेटी म्हणजे दोराशिवाय घेतलेली बादली. पिना आणि चिमटे झिजतात, मोडतात. ते डेडस्टॉक रजिस्टरात न नोंदविता सुरुवातीपासूनच उपभोग्य साहित्यात घ्यावेत. हे मी मुद्दाम सांगतो. एका संस्थेत असा संच मी पाहिला, ज्याच्या पिशवीचे सील खरेदीनंतर दोन वर्षे तसेच होते. निदेशक नाखूश नव्हते, घाबरलेले होते. एखादी पिन मोडली तर वसुली कोणाकडून होणार, या एका प्रश्नापायी दोन तुकड्या ते यंत्र न पाहताच बाहेर पडल्या.

पहिला धडा कोणता द्यावा

स्कोप हाती आला की लोक एकदम अवघड दोषांच्या मागे लागतात. मला दाखविण्यात आलेला पहिला प्रयोग सर्वांत सोपा होता आणि आजही मला तोच सर्वांत नवलाचा वाटतो.

बॅटरीच्या जाड तारेभोवती मोठा क्लॅम्प लावावयाचा. लावण्यापूर्वी तो शून्यावर आणावयाचा. हे विसरले तर पुढचे सर्व आकडे खोटे ठरतात. इंधन बंद करावयाचे, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि काही सेकंद सेल्फ मारावयाचा. पहिल्या क्षणी प्रवाहाचा मोठा उसळा दिसतो, आणि मग टेकड्यांची रांग सुरू होते. सिलिंडरमध्ये हवा दाबताना सेल्फला जोर लागतो, जोर लागला की प्रवाह वाढतो; म्हणून प्रत्येक टेकडी म्हणजे एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन. इंजिन मिनिटाला २०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर साधारण दीडशे मिलिसेकंदांनी एकेक टेकडी येते. दर चौथी टेकडी बुटकी दिसली, तर एक सिलिंडर अशक्त आहे. एकही नट न उघडता, अर्ध्या मिनिटात ते कळते. दुसऱ्या वाहिनीवर एखाद्या ठराविक सिलिंडरची खूण घेतली, तर अशक्त सिलिंडर कोणता तेही कळते.

या प्रयोगाची मर्यादाही विद्यार्थ्यांना त्याच वेळी सांगावी. तो तुलना करतो. चारही सिलिंडर सारखेच झिजले असतील, तर टेकड्या सारख्याच दिसतील आणि इंजिन मात्र म्हातारे असेल.

यानंतर क्रँक व कॅमच्या रेषा एकाखाली एक घेण्याचा धडा यावा. टायमिंग चेन ताणली गेली, की या दोहोंचा मेळ दात-दोन दातांनी सरकलेला दिसतो. पण तो सरकला आहे हे ओळखण्यासाठी मुळात तो कसा असावयास हवा, हे माहीत पाहिजे. येथे मी पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. परदेशी संग्रहांत हजारो आलेख मिळतात, पण आपल्या घंटागाडीचा त्यांत सापडेलच असे नाही. तो आपणच जमवावा लागेल. नवे वाहन पंचायतीकडे आले, की पहिल्या महिन्यात ते जवळच्या प्रशिक्षण संस्थेत न्यावे आणि ते निरोगी असतानाचे आलेख साठवून ठेवावेत. क्लॅम्पच्या प्रयोगात तारेला धक्काही लागत नाही. अन्य जोडण्यांबाबत हमीची मुदत असेल, तर विक्रेत्याच्या कार्यशाळेला आधी विचारून घ्यावे. बाळाचे वजन आपण जन्मतःच नोंदवितो, ते आजारी पडेपर्यंत थांबत नाही. संस्थेतील मुलांना यातून खऱ्या गाड्यांवर हात बसविता येईल, आणि तालुक्याचा स्वतःचा संग्रह तयार होईल.

काही दक्षता

पेट्रोलच्या इंजेक्टरला बारा व्होल्ट मिळतात, पण तो बंद होताना ६० ते १०० व्होल्टचा उलटा झटका येतो. इग्निशन कॉइलच्या प्राथमिक बाजूस तो ३०० ते ४०० व्होल्टचा असतो. अॅटेन्युएटर न लावता तेथे स्कोप जोडला, तर यंत्र जाते. स्पार्क प्लगच्या तारेतील दाब हजारो व्होल्टचा असतो. तेथे केवळ त्यासाठी बनविलेला बाहेरून लावावयाचा पिकअपच वापरावा. बहुतेक संगणकीय स्कोपांत सर्व वाहिन्यांची काळी तार आतून एकच असते आणि ती संगणकाच्या अर्थशीही जोडलेली असते. एका वाहिनीचा काळा चिमटा चुकून बॅटरीच्या धन अग्रास लागला, तर यंत्रातूनच शॉर्ट सर्किट होते. म्हणून काळे चिमटे बॅटरीच्या ऋण अग्रासच लावावेत आणि काम लॅपटॉपच्या बॅटरीवर करावे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांतील नारिंगी तारांना या साध्या संचाने मुळीच हात लावू नये. तेथील दाब शेकडो व्होल्टचा, म्हणजे प्राणघातक असतो, आणि त्याचे प्रशिक्षण वेगळे आहे.

तारेला सुई टोचून माप घेण्याची सवय पुष्कळ मिस्त्रींना आहे. ती मुलांना लागू देऊ नये. कोकणातल्या एका पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरते, तांबे हिरवे पडते, आणि आज शोधलेल्या दोषाच्या शेजारी आपणच उद्याचा दोष पेरून ठेवतो. पिन मागून घालावी आणि काढल्यावर कपलरचे रबर नीट बसले आहे ना, ते पाहावे.

शेवटचा मुद्दा थोडक्यात. प्रत्येक बंद गाडीला स्कोप लावावयाचा नसतो. बॅटरी, फ्यूज, अर्थची पट्टी आणि डोळ्यांना दिसणाऱ्या तारा आधी पाहाव्यात, मग स्कॅनर लावावा, आणि स्कॅनरने ज्या मंडलाकडे बोट दाखविले तेथे, भाग बदलण्यापूर्वी, स्कोप लावावा. निदान त्या महागड्या संगणकाच्या अंदाजपत्रकावर सही करण्यापूर्वी सदस्यांनी एवढे विचारावे, की आलेख काढला आहे काय, आणि काढला असेल तर तो प्रस्तावाला का जोडलेला नाही.

बाहेर प्रांगणात पंचायत समितीची जीप उभी आहे. शिल्पनिदेशक क्लॅम्प घेऊन तयार आहेत. चहा झाल्यावर चार-चारच्या गटाने यावे, म्हणजे टेकड्या सर्वांना मोजता येतील.